बेचाळीस वजा सतरा

केंद्रशाळेत महिन्याची शिक्षण परिषद म्हणजे
आधी सही, मग परिपत्रकं, मग पोहे,
मग "अडचण कुणाला काही?"
आणि अडचण कुणालाच नसायची.
अकरा शाळा, एकतीस शिक्षक, सगळ्यांची मुलं प्रगत.
जत तालुक्याच्या या कडेला वारा इतका
की कागदांवर दगड ठेवावे लागतात.
आम्ही तोंडांवर ठेवले होते.

मी पलूसहून बदलीनं आलेली, पाचवं वर्ष.
जीभ उसाच्या मुलखातली,
आणि इथली पोरं घरी कन्नड बोलतात,
शाळेत माझ्या ओठांकडं बघत मराठी.
हेही मी तिथं कधी म्हटलं नाही.

सप्टेंबरात ऐवळे गुरुजी उठले.
निवृत्तीला सात महिने.
चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला.
"माझ्या तिसरीत चौदा पोरं.
नऊ जणांना हातच्याची वजाबाकी येत नाही.
चौतीस वर्षं तेच शिकवतोय.
मी नेमका कुठं चुकतो,
कुणी येऊन बघेल का?"

पंखा गरगरला.
मागं कुणीतरी हसलं, खोकल्यात लपवून.
केंद्रप्रमुखांनी पेन उघडलं,
काय लिहावं ते न कळून बंद केलं.
मग रेहाना जमादार बाई म्हणाल्या,
"माझ्याकडं सहा."
तेवढंच.

मी माझा आकडा सांगितला नाही.
परतीच्या एसटीत तो माझ्या शेजारी बसून आला,
तिकीट न काढता.

ठरलं, दर गुरुवारी एकानं दुसऱ्याच्या वर्गात बसायचं.
शेरा नाही, गुण नाही, ग्रुपवर फोटो नाही.
(फोटो नाही म्हटल्यावर दोघांनी नावं मागं घेतली.)

माझ्याकडं महानंदा बिराजदार आल्या.
पोरांच्यात सतरंजीवर बसल्या,
दुखरा गुडघा लांब करून.
त्या तासाला माझा खडू तीनदा मोडला.
गंगव्वानं पाटीवर लिहिलं,
बेचाळीस वजा सतरा, पस्तीस.
मी फुली मारणार, तोवर बिराजदार बाई वाकल्या,
"याक हिंग, तंगी?"
गंगव्वा बोलली. बरंच बोलली.
माझ्या वर्गात तिला इतका आवाज आहे
हे मला माहीत नव्हतं.

मधल्या सुट्टीत, पाण्याच्या टाकीजवळ,
चहाला फुंकर घालत बाई हळूच म्हणाल्या,
"ती म्हणती, बाईंनीच सांगितलंय,
मोठ्यातनं लहान काढायचं, लहानातनं मोठं निघत नाही.
म्हणून तिनं सातातनं दोन काढले.
तुमचंच ऐकलं पोरीनं."

माझंच वाक्य.
पलूसपासून म्हणत आलेले, सोळा वर्षं.
किती पाट्यांवर ते पस्तीस होऊन बसलं असेल,
आणि फुली मीच मारली असेल.
टाकीचा नळ गळत होता.
बंद केला, तरी गळत होता.

शेरेबुक कपाटात होतं. बाईंनी मागितलं नाही.
म्हणाल्या, "मी तर अजून तसंच म्हणते.
परवा माझ्याकडं या,
आणि म्हणायला लागले की मला थांबवा."

दिवाळीनंतर गुरुजींनी तुरीच्या काड्या आणल्या,
दहाचा एक गठ्ठा, वर सायकलच्या ट्यूबचं रबर.
रबर पोरांनीच काढायचं, आपण नाही, असं ठरलं.
आपले हात मागं बांधून उभं राहणं
आम्हा सगळ्यांनाच जड गेलं.
नऊपैकी पाच पोरांना जमलं. चार अडलेत अजून.
शिंत्रे सर दोनदा आले, मग येईनात,
हे पगारात बसत नाही म्हणाले.
बसत नाही, खरंच आहे.

मार्चची परिषद. सही, परिपत्रकं, पोहे.
"अडचण कुणाला काही?"
मी उठले. हातात गंगव्वाची वही,
त्या पानावर फुली नव्हती.
"अकरा," म्हटलं. "भागाकारात."

ऐवळे गुरुजींनी चष्मा घातला
आणि खुर्ची पुढं ओढली.